झाकण मिटायच्या आत

माणसाने आजवर जे जे थोर केलं ते प्रेमापोटी केलं. प्रेमासाठी राजांनी गाद्या सोडल्या, खलाशांनी समुद्र ओलांडले, आणि भल्याभल्यांनी कविता लिहून शेजाऱ्यांचा छळ केला. प्रेमापुढे डोंगर झुकतो, काळ थांबतो, नियतीसुद्धा वाट सोडून बाजूला उभी राहते.

सिएनफुएगोस शहरात मात्र वाट सोडून कुणीच बाजूला उभं राहत नाही. तिथे रांग असते. आणि ऑगस्टातल्या ज्या दुपारची ही गोष्ट, त्या दुपारी प्रेमाचा नंबर दोन कुकर, एक इस्त्री आणि एका टेबलफॅनच्या मागे होता.

रांग प्रोफेच्या दुकानासमोर होती. प्रोफे म्हणजे पूर्वी शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारा आणि हल्ली वीज लागणारी कुठलीही वस्तू दुरुस्त करणारा गृहस्थ. दायामी तिथे पोचली तेव्हा तिच्या हातांत एक उघडा लॅपटॉप होता. काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं आणावं तसा तो तिने पाच गल्ल्यांमधून आणला होता. त्याच्या बिजागऱ्या निखळल्या होत्या, झाकण सोडलं की पडायचं. म्हणून एका हाताने खालचा भाग पोटाशी आवळलेला, दुसऱ्या हाताने झाकण उभं धरलेलं. नाकावरचा घाम पुसायला तिसरा हात नव्हता.

"शेवटचं कोण?" तिने विचारलं.

तिथली रांग अशी ओळीत उभी नसते. कुणी पायरीवर, कुणी सावलीत, कुणी समोरच्या घरी कॉफी पीत. नव्याने येणाऱ्याने 'शेवटचं कोण' विचारायचं, एक हात वर होतो, तो चेहरा नीट लक्षात ठेवायचा. त्याचा नंबर झाला की आपला. परक्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघण्याची त्या शहरातल्या सभ्य मुलींना एवढी एकच अधिकृत परवानगी आहे.

"मी," बदामाच्या झाडाखालून एक तरुण म्हणाला.

दायामीने चेहरा लक्षात ठेवायला घेतला. उन्हाने रापलेली मान... डाव्या भुवईवर जुनी खोक... मांडीवर टेबलफॅन, झोपलेलं मूल घेऊन बसावं तसा. लक्षात ठेवायला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ गेला.

"झाला का पाठ?" त्याने विचारलं.

"ओळखण्यापुरता."

"नाक राहिलं असेल तर पुन्हा बघा. मला घाई नाही."

एरवी दायामीने असं उत्तर दिलं असतं की त्याला फॅनसकट दुसरं झाड शोधावं लागलं असतं. पण आज तिला तेवढीही सवड नव्हती. तिचं सगळं लक्ष पडद्याकडे होतं. त्यावर एक काळी खिडकी उघडी होती, आणि तिच्यात एक बारीक पांढरी रेघ लुकलुकत होती.

"हे मिटत का नाही तुम्ही?"

"मिटलं की मेलं."

त्याने फॅन खाली ठेवला, उठला, आणि दोन बोटांनी झाकणाची वरची कड धरली. "मी धरतो. तुम्ही घाम पुसा."

तिने घाम पुसला. मग त्याने झाकण परत दिलं नाही आणि तिने मागितलं नाही. त्याचं नाव लिसांद्रो.

"काय झालंय त्याला?"

"मी त्याचा शेल काढून टाकला."

"शेल म्हणजे?"

"सरकारी ऑफिसात खिडकीवर कारकून बसतो ना? साहेब आत असतात. आपल्याला जे सांगायचं ते कारकुनाला सांगायचं, तो आत जाऊन साहेबांना सांगतो. शेल म्हणजे तो कारकून. मी ह्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करते, तो यंत्रापर्यंत पोचवतो."

"जेवायला जातो?"

"नाही."

"मग सरकारी नाही."

"चेष्टा नको हो..." ती म्हणाली. पण ओठाचा एक कोपरा हललाच. "संध्याकाळी माझ्या बहिणीचा पंधरावा वाढदिवस आहे. लिआनेतचा. आईने ती जन्मल्यापासून ह्या दिवसासाठी एकेक जमवून ठेवलंय. ड्रेस झाला, केक झाला. फिल्म माझ्याकडे. तिचे लहानपणापासूनचे तुकडे जोडून, वॉल्ट्झच्या सुरांवर. जोडणारी हुकमांची फाइल मी कुणाकडून तरी आणली, तर ती फाइलच म्हणाली, तुमचा शेल जुना आहे, नवा घाला. म्हटलं, एवढं एकच करून टाकते..."

जगातल्या निम्म्या आपत्ती 'एवढं एकच करून टाकते' ह्या वाक्याने सुरू होतात. उरलेल्या निम्म्या 'बघू तरी' ह्याने.

"मग घातला नवा?"

"आधी जुना पुसला."

"का?"

"का म्हणजे? जागा करायला!"

लिसांद्रोला लगेच पटलं. तिथे कुणालाही पटलं असतं. त्या शहरात नवे सिनेमे, मालिका, गाणी सगळं एका गठ्ठ्यात येतं. दर मंगळवारी गठ्ठेवाला डिस्क घेऊन दारात उभा राहतो. त्याला थांबवून ठेवणं वाईट दिसतं, म्हणून मागच्या आठवड्याचं सगळं आधीच पुसून ठेवायचं आणि मग नवं उतरवून घ्यायचं. आधी जागा, मग माल. दायामीच्या बोटांना वर्षानुवर्षं हेच वळण. नवा शेल पेनड्राइव्हवर आला, तिच्या बोटांनी जुना पुसला.

"मग आता नवा घ्या की आत."

"नव्याला आत घ्यायला जुन्याची सही लागते."

लिसांद्रोने हळूच शीळ घातली. "आणि मग आत्ता ह्या खिडकीत काम कोण करतंय?"

"जुनाच. त्याला अजून कळलेलं नाही."

"काय?"

"की त्याला काढलंय. ही खिडकी उघडी आहे तोवर तो बसून राहील. ती मिटली, यंत्र झोपलं किंवा बॅटरी संपली... तर उठल्यावर खिडकीवर कुणीच नसेल. मग मी ठोठावत बसायचं." "आमच्या भागातली वीज सकाळीच गेली. इथली आहे म्हणून पळत आले. प्रोफेला काही सुचलं तर ठीक, नाहीतर निदान चार्जर तरी लावू देईल."

"नंबर आल्याशिवाय चार्जर नाही!" आतून प्रोफे ओरडला. त्याचे कान चांगले होते. "रांग म्हणजे रांग!"

लिसांद्रोने आकाशाकडे पाहिलं. मग रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबाकडे. मग घाईघाईने म्हणाला, "तुम्ही माझ्या पुढे जा."

"अहो, पण तुम्ही सकाळपासून..."

"फॅनला घाई नाही. तो मुळातच फिरत नाही."

"ऐकलंत का!" पायरीवरून तोमासाबाई सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर कुकर होता आणि हातात भाजलेल्या शेंगांची पुडी. पुडी त्या सकाळपासून लिसांद्रोपुढे करत आल्या होत्या. "ऑगस्टात ह्या शहरात पुरुषाने बाईला फॅनचा नंबर दिला! पोरी, माझ्या नवऱ्याने मला अंगठी दिली, घर दिलं, पाच मुलं दिली. पण रांगेतला नंबर? मरेपर्यंत नाही!"

"तोमासामावशी, तसं काही नाहीये," लिसांद्रो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

"तसं नाही तर मग ते झाकण धरून का उभा आहेस? ध्वजवंदन आहे?"

रांग हसली. दायामीही हसली असती, पण तेवढ्यात बॅटरीचं चिन्ह हिरवं होतं ते पिवळं झालं. तिने त्याच्या दंडाला धरून ते दाखवलं, आणि हात काढून घ्यायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

आत इस्त्रीवर काम चाललं होतं. इस्त्रीची मालकीण प्रोफेला इस्त्रीचा जन्मापासूनचा इतिहास सांगत होती. दायामीच्या डोळ्यांपुढे दुसरंच चित्र होतं. लाइट लागलेत, लिआनेत जांभळ्या ड्रेसमध्ये जिन्यावरून उतरते आहे, सगळे माना वळवून टीव्हीकडे बघताहेत, आणि टीव्ही काळा. आई काही बोलणार नाही. आई केक कापायला लागेल... तेच तिला सहन होणार नव्हतं.

आणि अशा वेळी खाडीच्या बाजूने सर आली. आधी बदामाच्या पानावर एक थेंब, टप्. मग दुसरा लॅपटॉपच्या कडेवर.

रांग उठून दुकानाच्या पत्र्याखाली घुसली. कुकर, पिशव्या, माणसं. पत्र्याखाली आता बोट शिरायला जागा नव्हती, उघडा लॅपटॉप कुठला शिरणार! दायामीने त्याच्यावर स्वतःचं अंग वाकवलं. केसांतून पाणी ओघळायला लागलं.

"काहीतरी करा ना!"

लिसांद्रोने पायाशी पडलेल्या आपल्या पिशवीकडे पाहिलं. मग पत्र्याखालच्या लोकांकडे. परत पिशवीकडे. त्याच्या चेहऱ्यावर फाशीच्या कैद्याचा गंभीरपणा आला. एका हाताने झाकण धरलेलं ठेवून त्याने दुसऱ्या हाताने पिशवीतून एक पिवळा रेनकोट ओढून काढला आणि दायामी, लॅपटॉप, लुकलुकती रेघ, सगळ्यांवर पांघरला.

रेनकोटच्या पाठीवर हातभर मोठी लाल वीज काढलेली होती. त्याखाली वीज ऑफिसचं नाव.

आणि त्याच क्षणी आतला पंखा थांबला, रेडिओ गप्प झाला, प्रोफेच्या टेबलावरचा दिवा गेला.

पत्र्याखालची सगळी तोंडं त्या लाल विजेकडे वळली.

"अगंबाई!" तोमासाबाई म्हणाल्या. "हा वीजवाला!"

"मावशी, मी नुसता खांबावर चढतो—"

"सकाळपासून माझ्या शेंगा खातोय, मेला!"

"बटण माझ्या हातात नसतं हो!"

"सगळे असंच म्हणतात!" इस्त्रीवाली ओरडली. "काल माझे सगळे मासे नासले!"

"निदान येणार कधी ते तरी सांग, बाबा," अंधारातून प्रोफेचा आवाज आला.

पण लिसांद्रोचं लक्ष पत्र्याकडे नव्हतं. रेनकोटखालून दोन डोळे त्याच्यावर रोखले होते.

"तुला माहीत होतं," दायामी म्हणाली. "इथली जाणार हे तुला माहीत होतं. आणि तू मला इथे बसवून ठेवलंस."

रागात तिने त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. ते दोघांच्याही लक्षात आलं. राग तेवढ्याने कमी झाला नाही, पण त्याला जरा घरगुती वास आला.

"माहीत होतं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण त्याआधी तुझा नंबर लागेल असं वाटलं... म्हणून तर दिला."

तिने पडद्याकडे पाहिलं. बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं.

"संपलं सगळं."

"एक विचारू?" रेनकोटची कड उचलून त्याने डोकं आत घातलं. आत पिवळा उजेड होता, ओल्या केसांचा वास होता. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण आम्ही तार तोडतो ना, तेव्हा तोडली म्हणून लगेच हात नाही लावत. तुकडा लोंबकळत असला तरी त्यात वीज असू शकते. तुझा तो कारकून... तू त्याला पुसलास म्हणतेस. पण तो तर अजून बसलाय. मग तो नक्की बसलाय कशावर?"

"कशावर म्हणजे? मेमरीत. चालू आहे तोवर यंत्राने त्याला आत धरून..."

ती थांबली.

"काय झालं?"

"गप्प. काही बोलू नकोस. आणि झाकण हलवू नकोस."

आत धरून ठेवलंय. म्हणजे यादीतून नाव गेलं, माणूस गेला नाही. आणि जो समोर बसलाय, त्याची नक्कल काढता येते! त्याच्याकडूनच, त्याच्याच हाताने. तिने हे कुठेतरी वाचलं होतं, कंटाळून पान उलटलं होतं. आता तिने ओल्या बोटांनी टाइप करायला घेतलं. हुकूम साधाच होता: जो आत्ता चालू आहे, त्याचीच प्रत काढून त्याच्या जुन्या जागेवर ठेव. एक अक्षर चुकलं, पुसलं. पुन्हा चुकलं. त्याने मोकळ्या हाताचं एक बोट तिच्या मनगटावर टेकवलं, फक्त टेकवलं, आणि पुढचं अक्षर बरोबर पडलं.

तिने बटण दाबलं.

काळी खिडकी काहीच बोलली नाही. नुसती पुढची रेघ लुकलुकायला लागली.

"बिघडलं?" त्याने विचारलं.

"नाही." तिने मान हलवली. "शेलची रीतच तशी. काम झालं की तो काही बोलत नाही. कुरकुर केली तर समजायचं चुकलं."

तिने पहिली खिडकी तशीच ठेवून दुसरी उघडली. उघडेल... नाही उघडणार... उघडली! तिच्यातही एक बारीक पांढरी रेघ, जणू काही झालंच नाही अशी लुकलुकत होती. दायामीने कपाळ लॅपटॉपच्या कडेला टेकवलं. ती हसत होती की रडत होती हे रेनकोटखाली नीट दिसलं नाही.

"घर कुठे तुझं?" लिसांद्रोने विचारलं.

"रेइनात."

"मग चल. इथली गेली म्हणजे आता रेइनातली येणार."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे मी घरी गप्प बसले असते तरी..."

"चार्जर लागला असता. पण मग मला इथे नुसता फॅन धरून बसावं लागलं असतं."

फॅन उचलायला तो वाकला, तशा तोमासाबाई पत्र्याखालून गरजल्या, "असू दे तो! तुझा नंबर मी धरते. जा. पण वीजवाल्या, आमच्या गल्लीची आली नाही ना, तर तुझ्या फॅनची पाती मी चमचे म्हणून वापरीन!"

ते निघाले. खालचा भाग तिच्या हातांत, झाकण त्याच्या हातात, रेनकोट दोघांवर. त्यामुळे एकाच पावलाने चालणं भाग होतं. तो डबक्यापाशी थांबला की ती थांबायची, ती वळली की तो वळायचा. नाच शिकवणारे लोक याचे पैसे घेतात.

"ही आधी पुसायची सवय," तो चालता चालता म्हणाला, "माणसांच्या बाबतीतही आहे का?"

"एकाच्या बाबतीत केलं. माद्रिदला गेला. दर महिन्याला मला बोलावून घेणार होता. एका मंगळवारी त्याचे फोटो पुसले."

"नव्या कुणासाठी जागा करायला?"

"नव्या मालिकेसाठी. तुर्की होती."

"चांगली होती?"

"त्याच्यापेक्षा बरी."

रेइनाच्या कोपऱ्यावर ते वळले आणि सगळ्या खिडक्यांमधून एकदम रेडिओ सुरू झाले. एवढं मधुर संगीत दायामीने आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि खरं तर ती हवामानाची बातमी होती. घरात शिरताच तिने चार्जर लावला. लाल चिन्ह डोळे मिटायच्या बेतात होतं, ते सावरलं.

मग तिने नवा शेल घातला. या वेळी उलट्या क्रमाने. आधी नवा आत घेतला. वेगळ्या खिडकीत त्याला दोन-चार सोपी कामं सांगितली, ती त्याने न बोलता केली. मग फाइल चालवली. ती या वेळी कुरकुरली नाही.

"आणि जुना?" लिसांद्रोने विचारलं.

"बसू दे खुर्चीवर. कुणाचं काय खातोय?"

दारातून आईने विचारलं, "दायामी, हा मुलगा कोण? आणि तो असा का उभा आहे?"

"हा... झाकण धरतो, आई."

आईने त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. मग एक कोरडा शर्ट आणून त्याच्या खांद्यावर टाकला. एका हाताने तो घालायला त्याला बराच वेळ लागला. दायामीने मदत केली. त्यामुळे आणखी वेळ लागला.

संध्याकाळी अंगणात खुर्च्या लागल्या. लिआनेत जांभळ्या ड्रेसमध्ये जिन्यावरून उतरली, तिचा पाय घेरात अडकला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लॅपटॉप टीव्हीला जोडलेला, टीव्हीशेजारी लिसांद्रो उभा. वॉल्ट्झ सुरू झाला. पडद्यावर लिआनेत बादलीत बसून अंघोळ करत होती, मग पहिले दात, मग पडलेले दात, मग गळ्यात शाळेचा रुमाल. आईने रडायला सुरुवात केली, ती थेट केकपर्यंत. लिआनेत लाजेने मेली आणि नंतर तिने फिल्म पुन्हा लावायला लावली. दोनदा.

सगळे नाचायला लागले तेव्हा दायामी टीव्हीपाशी आली. तिच्या केसांना अजून पावसाचा ओलावा होता.

"सकाळपासून उभा आहेस रांगेत," ती म्हणाली. "फॅन राहिलाच."

"फॅनचं काय..." तो म्हणाला. मग अंगणातल्या गर्दीकडे बघत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "दायामी... तुझ्याकडे... म्हणजे तुझ्यासाठी... शेवटचं कोण?"

तिने त्याचा चेहरा नीट पाहून घेतला. भुवईवरची खोक, रापलेली मान, नाक. मग काही न बोलता ती त्याच्या इतकी जवळ येऊन उभी राहिली की दोघांच्या मध्ये रांग लावायला जागाच उरली नाही.

बराच वेळ गेला. वॉल्ट्झ संपून दुसरं काहीतरी लागलं.

"काही बोलली नाहीस," तो कुजबुजला.

"काम झालं की बोलत नाहीत."

लिसांद्रोला आयुष्यात एवढा आनंद कधी झाला नव्हता. त्याने डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला, तिच्या कानाशी ओठ नेले...

"मग आता हे झाकण लावू का? हाताला मुंग्या आल्यात."